सासऱ्यांचं पिस्तूल धाकटीला

चेक देशातल्या उहेर्स्की ब्रोद या आमच्या गावच्या नेमबाजी क्लबात ल्युबा आधी आली. तिची धाकटी जाऊ क्वेता बऱ्याच वर्षांनी, तीही ल्युबाचंच बघून. दोघींचे सासरे ओल्द्रिख गावातल्या कारखान्यात पिस्तुलांचे सांगाडे घासत म्हातारे झालेले. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी आपलं पिस्तूल क्वेताला देऊन टाकलं.

ल्युबा पुढच्याच आठवड्यात ब्रनो शहरात पिस्तूल घ्यायला गेली. दुकानदाराने सासऱ्यांच्या कारखान्यातलं तेच मूळ पिस्तूल आणि त्याची तुर्की नक्कल शेजारी शेजारी ठेवली. मूळ पिस्तूल हातात घेताच जणू तिच्याच मापाचं वाटलं. तेवढे पैसेही होते. पण ते घेतलं असतं, तर लोक म्हणाले असते, क्वेतासारखंच आणलं. तिने नक्कल उचलली. नवऱ्याला सांगितलं, स्वस्तात तेच मिळतंय. मला मात्र खरं सांगितलं: म्हाताऱ्याला झोंबावं म्हणून.

रविवारी सासऱ्यांकडच्या जेवणानंतर तिने ती नक्कल टेबलावर ठेवली. ओल्द्रिखांनी चष्मा चढवला, पिस्तूल उघडलं, आतल्या खाचेवरून अंगठा फिरवला.

"चांगलं केलंय तुर्की पोरांनी," ते म्हणाले. "पण तू आपलं का नाही घेतलंस?"

"आपलं तुम्ही क्वेताला दिलंत."

क्वेता स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. म्हाताऱ्याने आवाज खाली आणला. "तुला हवं ते तू घेतेस, ल्युबा. तिचा नवरा तिला घेऊ देईल का? माझाच मुलगा आहे, मला माहितीये."

ल्युबाला ते पटलं. तरी राग गेला नाही. उलट आता त्याला धड कारणही उरलं नाही, याचाच जास्त आला.

शरद ऋतूतल्या स्पर्धेत ती क्वेताच्या प्रत्येक गोळीला मनातल्या मनात 'अडक, अडक' म्हणत होती. पिस्तूल अडकलं नाही. तरी ल्युबाच पहिली आली, आणि तेही नकलेवर. क्वेताने तिला मिठी मारली, "ताई, मला शिकव ना," म्हणाली. ती मनापासून म्हणाली, हे ल्युबाला कळलं, आणि तेही सहन झालं नाही.

म्हातारा बाकावर बसून स्वतःच्या रुमालाने क्वेताचं पिस्तूल पुसत होता. ल्युबाने चषक गाडीत टाकला आणि स्वतःचं पिस्तूल पुसायला माझ्याकडे चिंधी मागितली.