वळणाचे तुकडे

आमच्या ऑफिसातल्या मॅडम वळणाचे तुकडे करतात. नव्या माणसाला त्यांची ओळख करून देताना मी असंच सांगतो आणि तो माझ्याकडे संशयानं बघतो. पण काम खरंच तेवढं आहे. कॉम्प्युटरवर कॅडमध्ये आखलेलं रस्त्याचं वळण छान गोल असतं. आमच्या कर्बच्या मशीनला, म्हणजे रस्त्याच्या कडेची काँक्रीटची किनार ओतत जाणाऱ्या मशीनला, गोल काही समजत नाही. त्याला सरळ चालता येतं, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, मग पुढच्या. म्हणून फाइल त्याला देण्याआधी वळणाचे सरळ तुकडे पाडावे लागतात. तुकडे लांब झाले तर कडेला कोपरे दिसतात. फार बारीक झाले तर फाइल जड होते आणि मशीन अडखळतं.

सॉफ्टवेअर हे एका बटणात करून देतं. मॅडमना ते पटत नाही. त्या प्रत्येक वळण उघडून बघतात, मला फोन करून विचारतात, इथून ट्रेलर वळणार का, इथे पुढे झाडं लावणार का, आणि मग ठरवतात. बटाटा आणि कोथिंबीर एकाच मापानं कुणी चिरत नाही, तसंच हे, असं त्यांचं म्हणणं. मी साइटवरचा सर्व्हेअर. राग माझ्या नाकावर असतो आणि कॅडवाल्यांवर तर खास, कारण एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत. या लातूरकडच्या बाईवर मात्र मला कधी धड चिडताच आलं नाही. याची मला जरा खंतही आहे.

चाकणजवळ निघोज्याच्या पुढे एका कारखान्याच्या आवारातले रस्ते आमच्याकडे होते. गाड्या वाहणारे लांबलचक ट्रेलर ज्या गेटातून आत वळणार, तिथला कर्ब आदल्या दिवशी ओतून झाला होता. सकाळी कोवळं ऊन तिरपं पडलं आणि सगळ्यांना एकदम दिसलं, की वळण गोल नाहीच. कडेला ठळक कोपरे आले होते. मशीनच्या छोट्या पडद्यावर तीच रेष गोल दिसत होती.

मशीन चालवणारे मामा तिथल्याच जवळच्या गावचे. उभी हयात रोलर आणि ग्रेडरवर गेलेली. अलीकडे त्यांचे हात थरथरायला लागले होते, चहा घेताना बशी वाजायची. आम्ही सगळेच ते बघून न बघितल्यासारखं करायचो. आमच्या मॅनेजरला असलं जमत नाही.

"कप धरवत नाही तुम्हाला, मशीन काय धरणार?" सगळ्यांसमोर तो म्हणाला. "उद्यापासून येऊ नका."

"साहेब, वळणावर मशीन आपसूक वळतंय," मामा म्हणाले. मग स्वतःच्या हातांकडे बघत, "पण नॉबवर हात व्हता माझा, सवयीनं. लागला आसंल."

मी मध्ये पडलो. म्हटलं, अहो, मशीन ऑटोवर होतं, हात लागला तरी असे मोजून कोपरे पडणार नाहीत. "परदेशातून आणलेलं मशीन चुकतं होय?" मॅनेजर म्हणाला. "नाचता येईना अंगण वाकडं!" मी आवाज चढवला, त्यानंही चढवला. माझ्या हातात दाखवायला काही नव्हतं. शेवटी मी मॅडमना फोन केला आणि मामा कुणाकडे न बघता चहाच्या टपरीमागे जाऊन बसले.

मॅडम भर दुपारी चिंचवडच्या ऑफिसातून स्कूटीवर आल्या. चाकण रस्त्याचा ट्रॅफिक ज्याला माहीत आहे त्याला याचं मोल कळेल. स्कार्फ सोडायच्या आधी त्यांनी माझ्याकडे जीपीएसची काठी आणि एक खडू मागितला. मशीनला दिलेली फाइल काठीत घेतली आणि तिच्यातल्या एकेका बिंदूवर काठी उभी करत, कर्बवर खडूनं फुली मारत त्या गेटाचं वळण चालत गेल्या. एकेक फुली बरोबर एकेका कोपऱ्यावर पडत होती. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

"म्हणजे?" मॅनेजरनं विचारलं.

"म्हणजे मशीन माझ्या फाइलप्रमाणे चाललंय. मोठ्या रस्त्याची आणि गेटाची रेष मी एकत्र जोडली होती. मोठ्या वळणाला दोन बिंदूंत घेतलेलं अंतरच या लहान वळणाला लागलं. वेगळं करायचं राहून गेलं माझ्याकडून. मामांच्या हाताचा याच्याशी काही संबंध नाही. चूक माझी आहे."

या धंद्यात मी काय काय ऐकलंय. व्हर्जन जुनं होतं, सिग्नल गेला होता, क्लायंटनं उशिरा कळवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी हा तर आमच्या साइटचा नित्यनेम. पण जिच्यावर कुणाला साधी शंकाही नव्हती, ती बाई उन्हातान्हात येऊन आपली चूक खडूनं दाखवते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला तिचा फार अभिमान वाटला आणि मी उगाच काठीवरचा लेव्हलचा बुडबुडा बघत राहिलो.

मॅनेजरनं मग त्यांना बोलून घेतलं, चांगलंच बोलून घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं. हे सगळं तोडावं लागणार, असं तो म्हणाला तेव्हा त्यांनी पर्समधून पेनड्राइव्ह काढून दिला. ऑफिसातून निघण्याआधीच त्या वळणाचे त्यांनी नव्यानं तुकडे केले होते. मॅनेजर जाता जाता टपरीकडे बघून ओरडला, "मामा, उद्या या."

मामा उठून आले, पण चेहरा खुलला नव्हता.

"मॅडम, एक काम हाय," ते म्हणाले. "हे आमच्या घरी सांगाल का? सकाळीच फोन करून सांगितलं म्या, माझं हात गेलं म्हणून. आता मी काय बी बोललो तरी तिला वाटंल, समजूत काढतोय."

त्यांनी फोन लावला. बटणं दाबायला त्यांना वेळ लागला, आणि आम्ही कुणी मदतीला पुढे झालो नाही. मग त्यांनी स्पीकर चालू करून फोन मॅडमच्या हातात दिला.

"मामी, नमस्कार. मी ऑफिसातून बोलतेय, रस्त्याची ड्रॉइंग करते. मामांच्या हातानं काही बिघडलेलं नाही. मी तपासून बघितलंय. चूक माझी होती."

 

पलीकडून मामींचा आवाज आला, "मंग उद्या त्यांचा डबा करू न्हवं?"

"करा," मॅडम म्हणाल्या.