आधी पाणी बघायचं

किस्से साठवायला कपाट लागत नाही, प्लेअर लागत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यांचा फॉरमॅट बदलत नाही! पंचवीस वर्षांपूर्वीचा किस्सा असला तरी कुणी चहा पुढे केला की आपोआप चालू होतो, तोही जिथे थांबवला होता तिथून. आमच्या मंडळाचे असे खूप साठलेत. आज दुपारी पडून होते, डोळा लागेना, तेव्हा एकामागून एक आले. तसेच सांगते.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. करावे गावातले जनादादा, त्यांच्या बायको वनिता वहिनी, सानपाड्याचे सावंत आणि मी. सावंत टीव्ही-फ्रिज दुरुस्त करतात. मी नेरूळच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट, म्हणून सगळे मला 'बाई' म्हणतात. आयुष्यात एक तास शिकवलेला नाही, पण बाई!

दादांचे वडील खाडीत जाळी टाकायचे. पंचविशीपर्यंत दादाही त्यांच्याबरोबर होडीत असायचे. आता घराच्या जागी चार मजली बिल्डिंग उभी आहे, वर भाडेकरू आहेत. तळमजल्यावर मात्र, जुन्या घरात जाळी ठेवायची खोली होती त्याच जागी, दादांनी एक खोली रिकामी ठेवली. कितीही भाडं मिळत असलं तरी ती कुणाला दिली नाही. जुनी जाळी अजून तिथेच कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली आहेत. त्या खोलीत दर रविवारी दुपारी पडदे ओढून आम्ही सिनेमा बघतो. खोलीला सुकटीचा मंद वास आहे. तो आला नाही तर मला सिनेमा सुरू झाल्यासारखा वाटतच नाही.

*

पहिला प्लेअर व्हीसीडीचा. सावंतांनी डोक्यावरून मिरवत आणावा तसा आणला. डिस्क घातली. समुद्रात वादळ, लाटा उसळतायत, आणि एकदम सगळं चित्र चौकोनाचौकोनात फुटलं. तरीही आम्ही टाळ्या वाजवल्या.

दादा उठले, टीव्हीजवळ गेले, काचेवर बोट ठेवून म्हणाले, "सावंत, ह्ये पानी नाय. ही फरशी हाय!"

सावंतांचा चेहरा पडला. "दादा, डिस्कला स्क्रॅच असेल."

"मंग फरशीला स्क्रॅच हाय."

त्या दिवशी मंडळाचा नियम ठरला. नवीन काहीही आलं की आधी पाणी बघायचं. रंग, आवाज, किंमत सगळं नंतर. पाण्याचा एक सीन लावायचा, दादांनी खुर्चीत बसून बघायचं. 'पानी हाय' म्हणाले की घ्यायचं, 'पानी नाय' म्हणाले की परत. त्यावर अपील नाही.

सावंतांनी मला हळूच विचारलं, "बाई, हे सायन्समध्ये बसतं का?"

मी म्हटलं, "आमच्या लॅबमधल्या मीटरपेक्षा बरं बसतं."

*

मग डीव्हीडी आली. पुन्हा समुद्र, पुन्हा खुर्ची. दादांनी पाच मिनिटं बघितलं. आम्ही दहावीच्या निकालाला उभं राहावं तसे भिंतीला टेकून उभे!

"पानी हाय," दादा म्हणाले. सावंत उडी मारणार एवढ्यात पुढचं आलं, "पन बाटलीतलं हाय. तहान भागंल."

घेतला. पुढे पुष्कळ वर्षं आमची तहान त्यावर भागली.

त्याच सिनेमात अंधारात एक होडी येते, तिच्यावर पिवळा कंदील. दादा म्हणाले, "आमच्या बाबांचा लाल काचेचा होता. सगल्या गावात तसा एकच. आय बांधावर उभी राहायची. लाल ठिपका दिसला की घरी येऊन चूल पेटवायची. होडी लागंपर्यंत भात तयार!"

हे सांगताना त्यांचा आवाज इतका हलका झाला, की कुणी रिमोट उचलला नाही. सिनेमा पुढे चालला होता आणि आम्ही चौघंही त्या दुसऱ्या होडीची वाट बघत बसलो होतो. माझे वडील मराठवाड्यातून आलेले, आमच्या घरात पाणी म्हणजे हंडा. मला भरती-ओहोटी शिकवली ती दादांनी, तीही पडद्यावर!

*

मग तो प्रसिद्ध घोळ. एचडीच्या काळात दोन फॉरमॅट एकदम आले, आणि दोघांचं भांडण जुंपलं. कुठला टिकणार ते कुणालाच माहीत नव्हतं. मंडळाने ठरवलं, घाई नको, पाणी बघू.

सावंतांना कुठला धीर! त्यांचा मेव्हणा आखातातून येत होता. त्याला फोन करून एक मशीन मागवलं, सोबत चार डिस्का. पाणी न बघता! मशीन आलं आणि थोड्याच दिवसांत तो फॉरमॅटच बंद पडला. कंपन्यांनी डिस्का काढायच्या थांबवल्या. सावंतांकडे ज्या चार आहेत त्या चार.

दुसरा कुणी असता तर भंगारात दिलं असतं. सावंतांनी मशीनला शोकेसमध्ये बसवलं. दसऱ्याला टेस्टर, पकड, सोल्डरिंगची गन सगळं मांडून पूजा करतात, तेव्हा मधोमध ते मशीन असतं. त्यालाही झेंडूचं फूल, त्यालाही हळदकुंकू.

एका दसऱ्याला आम्ही सोनं द्यायला गेलो. वहिनींनी मशीनकडे बघितलं, सावंतांकडे बघितलं आणि विचारलं, "भावजी, ही पूजा हाय का वर्सश्राद्ध?"

*

जो फॉरमॅट जिंकला, ती ब्लू-रे, आम्ही रीतसर पाणी बघून घेतली. त्या परीक्षेला लावलेला सिनेमा मी विसरणं शक्य नाही. नायक होडीत बसून परदेशी जातो. नायिका खडकावर उभी राहून रडते. सात वर्षांनी तो परत येतो, नायिका त्याच खडकावर, पुन्हा रडते. वहिनींच्या डोळ्यांना धार.

दादा एकदम खुर्चीत पुढे सरकले. "सावंत, मागं घे. आता पुढं घे. परत मागं."

"काय झालं दादा?"

"खडकावरचा ओला पट्टा बग. जाताना जेवढा, येताना तेवढाच. अर्धा तास बी झाला नाय!" मग पडद्यावरच्या नायिकेकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "बाय, नको रडूस. तो हितंच चहा पीत होता!"

वहिनी चिडून आत गेल्या. पण निकाल लागला. "ओला पट्टा दिसतो म्हंजे पानी हाय. घे."

*

फ्लेमिंगोंची गोष्ट मात्र हसण्यावर नेता येत नाही.

आम्ही पक्ष्यांची एक डिस्क लावली होती. पडदाभर गुलाबी पंख. वहिनी मागच्या दाराने आल्या आणि म्हणाल्या, "ते काय बघताय? मागं खाडीत खरे आलेत. चला!"

डिस्क तशीच चालू ठेवून आम्ही बांधावर गेलो. उन्हं उतरत होती. चिखल, पाणी, आभाळ सगळं एकाच गुलाबी रंगात भिजलं होतं, कुठे काय संपतं ते कळत नव्हतं. पलीकडचे टॉवरही पाण्यात उलटे, शांत. आपण बघतोय की कुणी आपल्याला याची आठवण करून देतंय, असं मला वाटत राहिलं.

आमची एक जुनी पैज आहे. दादा नुसत्या नजरेने पक्षी मोजतात, सावंत मोबाईलवर फोटो काढून मोजतात, आणि दर वेळी सावंत हरतात. त्या दिवशी दादांनी आकडा सांगितलाच नाही. माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "बाई, आलेत ना?"

"समोर तर आहेत दादा."

"हां हां. दिसले."

ते बघत होते ती बाजू रिकामी होती. मला भीती वाटली. सावंतांनी फोटो मोजलाच नाही. "दादा, आज तुमीच जिंकलात," एवढंच म्हणाले.

*

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेकडेने नजर गेली होती. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची.

पुढच्या रविवारी दादांनीच विषय काढला. "मस्त हाय. नलीतून बगावं तसं दिसतं. बाजूचा मानूस दिसत नाय, फक्त पडदा दिसतो. थेटरात जास्तीचं तिकीट काढून बी असं मिलत नाय!"

वहिनी चहा ठेवायला गेल्या. चहा आत्ताच झाला होता.

*

आणि अशा वेळी आमच्यापुढे प्रश्न आला फोर-के डिस्कचा! घ्यायची की नाही?

सावंत ठाम विरोधात. "बाई, लोक डिस्का टाकून देतायत. मोबाईलला बोट लावलं की सिनेमा चालू. दुकानं बंद पडली. हा फॉरमॅट चार-पाच वर्षांत झोपणार बघा. मी एकदा भाजलोय. आता शोकेसमध्ये जागा पण नाय!"

मी कॉलेजातून कागद आणला, त्यावर तीन रकाने केले, फायदे, तोटे आणि शंका. शंकांचा रकाना भरून कागदाच्या मागे गेला. पण खरी शंका मी लिहिली नव्हती. हा जो चौपट बारकावा म्हणतात, तो दादांना दिसणार का? नाही दिसला तर त्यांना ते आमच्यासमोर कबूल करावं लागेल. एवढ्या वर्षांच्या न्यायाधीशाला खुर्चीवरून उतरवायचं? माझ्याने विचारच करवत नव्हता. आणि घेतलंच नाही, तर आम्ही त्यांची नजर गेली असं ठरवून टाकल्यासारखं होणार.

वहिनी भांडी आवरता आवरता ऐकत होत्या. "भावजी, ही डिस्क किती वर्सं टिकंल?"

"डिस्क टिकेल वहिनी. मशीन मिळणार नाय पुढे."

"किती वर्सं?"

"चार-पाच. फार तर."

"यांच्या डोल्यांचं डॉक्टर बी तेवढंच बोललाय," वहिनी म्हणाल्या. "मंग जुलला की जोडा!"

हे त्या हसतच म्हणाल्या, पण हातातली कोरडी बशी पुन्हा पुसत होत्या. सावंतांनी मान खाली घातली. मी माझा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

दादा एवढंच म्हणाले, "भांडता कशाला? नियम हाय ना? आधी पानी बगू."

*

सावंतांनी ओळखीच्या दुकानदाराकडून आठ दिवसांच्या बोलीवर मशीन आणलं. आवडलं तर ठेवा, नाही तर परत. दादांच्या लेकीने दिलेला मोठा टीव्ही भिंतीवर होताच.

रविवारची दुपार. वहिनींनी पडदे ओढले, वर जुन्या चादरी टांगल्या. खोली इतकी काळोखी झाली की फक्त सुकटीचा वास तेवढा जागेवर होता. दादांनी खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढली, मांडीवर हात ठेवले आणि ताठ बसले. पांढरा सदरा इस्त्रीचा होता. परीक्षा आज कुणाची आहे ते त्यांनाही माहीत होतं.

सावंत टीव्हीच्या मागे घुसले होते. जुनी वायर चालेना, नवी हातात, पण भोक सापडेना. पुटपुटत होते. मशीन सुरू झालं नव्हतं. टीव्हीसुद्धा बंदच होता, नुसती काळी काच, आणि खाली कोपऱ्यात तो बारीक लाल दिवा असतो ना, टीव्ही बंद असताना जळणारा, तेवढा.

मी म्हणणार होते, "दादा, अजून लागलं नाही."

दादांनी हात वर केला. "गप."

वरच्या मजल्यावरचा मिक्सर थांबला. दादा पुढे वाकले, मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे केली, नजर कुठेतरी नेऊन टेकवली. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, संथ, वल्ह्यासारखा.

"पानी हाय," दादा म्हणाले.

टीव्हीमागून सावंतांचं डोकं बाहेर आलं. हातात वायर तशीच.

"अवसेचं पानी हाय. भरती चढतेय, पन आवाज करत नाय." मग त्यांनी बोट उचललं, अगदी हळू, पक्षी उडेल की काय अशा बेताने. "आनि तो बग, लाल. बाबा येतायत."

सावंतांनी माझ्याकडे बघितलं. मी वहिनींकडे. सावंत तोंड उघडून काही बोलणार, तोच वहिनी दारातून म्हणाल्या, "भावजी, त्यांनी पानी हाय म्हनलं. मशीन आता परत न्यायचा नाय."

सावंत वायर लावायला पुन्हा वाकले.

"आनि ती वायर जरा येलानं लावा," वहिनी म्हणाल्या. "होडी लागू दे आधी. मी भात टाकते."