जात्यावरची कॅसेट

उजव्या हाताचा पंजा कानामागे धरायचा, डाव्या हाताचं एक बोट वर करायचं आणि म्हणायचं, "एक डाव अजून होऊ द्या, मास्तर." या एका वाक्यापायी मी एका उन्हाळ्यातले सहा रविवार घामाच्या धारांत काढले आहेत. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. एखादी गोष्ट आपल्याला येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि तरी तो ती सोडत नाही. आपण आधी हसतो, मग वैतागतो आणि शेवटी गुपचूप त्याच्या हाताखाली कामाला लागतो. माझं अगदी याच क्रमानं झालं.

नागपुरातल्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना भाऊ म्हणत. कापडाच्या गिरणीत ते मागावर होते. वीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांना ऐकायला कमी येऊ लागलं होतं, आणि बोलणं मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जाई. त्यांनी बायकोजवळ चहा मागितला की समोरच्या घरात माझी बायको हसायची. मी शाळेत गणित शिकवत होतो. पण गाण्याच्या तीन परीक्षा दिलेल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर गणितापेक्षा त्या परीक्षांचाच तोरा मला जास्त होता. त्यात मेव्हण्यानं परदेशातून टेपरेकॉर्डर आणून दिलेला. ऐंशीच्या आगेमागे आमच्या गल्लीत तेवढा एकच होता आणि त्याला मी कोणाला हात लावू देत नसे.

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी भाऊ माझ्या दारात आले. हातात नवीकोरी कॅसेट, वरचा कागदही न काढलेली. त्यांची मोठी बहीण रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात पंधरा दिवस होती. डॉक्टरांनी तिला मौद्याला घरी न्यायला सांगितलं होतं, आणि भाऊंना बाजूला घेऊन हृदय फार थकलं आहे, जास्त आशा धरू नका, असंही सांगितलं होतं. या बहिणीनंच भाऊंना लहानपणी अंगाखांद्यावर वाढवलं होतं. दवाखान्यात तिनं भावाकडे एकच गोष्ट मागितली. तिला आईच्या ओव्या ऐकायच्या होत्या.

आता या ओव्या म्हणजे बाजारात मिळणाऱ्या नव्हेत. भाऊंची आई कुहीकडच्या एका खेड्यातली; छप्पन साली ती दोन्ही लेकरांना घेऊन धम्मदीक्षेसाठी पायी नागपूरला आली होती. परत गेल्यावर जात्यावर बसून तिनं त्या चालण्याच्या ओव्या रचल्या. कोणत्या गावात पाणी मिळालं, कोणत्या गावात मिळालं नाही, कोणाच्या पायाला काय झालं, सगळं त्यांत होतं. लिहून कोणी ठेवलं नाही. बहीण जात्याला आईच्या समोर बसायची, पण वर्षभरात तिचं लग्न झालं आणि तिच्याजवळ सुरुवातीचे शब्द तेवढे राहिले. भाऊ मात्र आई जाईपर्यंत तिच्याजवळ होते. अकराच्या अकरा ओव्या त्यांना पाठ होत्या. आई कधीच गेली होती, त्यामुळे आता त्या ओव्या जगात फक्त भाऊंच्या तोंडात होत्या.

मी विचारलं, की मग तुम्हीच जाऊन म्हणून का दाखवत नाही? त्यांनी दवाखान्यात प्रयत्न केला होता. दोन ओळी झाल्या आणि आवाज कुठच्या कुठे गेला. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघायला लागले, म्हणून ते थांबले.

"मले गाता येत नाही, मास्तर, मले मालूम आहे," ते म्हणाले. "पण टेपमंदी चुकलं तर पुसता येते ना? मंग मी बरोबर येईपर्यंत म्हणतो."

पुढच्या रविवारी त्यांच्या घरी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. स्टुलावर ठेवला, दोन बटणं एकदम दाबली आणि मान हलवून खूण केली. भाऊंनी छाती भरून घेतली आणि मागाच्या खात्यात पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी ओवी सुरू केली. यंत्रातली आवाज मोजणारी सुई पार पलीकडे जाऊन आदळली.

टेप मागे घेऊन ऐकवली, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आवाज फाटला होता, आणि सूर कुठून निघाला नि कुठे गेला याचा पत्ता नव्हता. ते कानामागे हात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"हा कोण गाऊन राहिला गा?" त्यांनी विचारलं.

तुम्हीच, म्हणून मी सांगितलं. मग त्यांनी मला सांगितलं, की गिरणीत मागासमोर उभं राहून ते रोज या ओव्या म्हणत आले आहेत. तिथं त्या खडखडाटात शेजारच्याला ऐकू जायची सोय नव्हती आणि त्यांना स्वतःलाही. वीस वर्षं हा माणूस रोज गात होता आणि त्यानं स्वतःचं गाणं आज पहिल्यांदा ऐकलं होतं. मला वाटलं, आता हे कॅसेट उचलून ठेवून देतील. त्यांनी बोट वर केलं.

मग मी मास्तरकी सुरू केली. टेपरेकॉर्डर दोन हात लांब नेला, म्हणजे आवाज फाटणार नाही. स्टुलाचा हादरा बसू नये म्हणून खाली टॉवेलची घडी ठेवली. खोलीत आवाज घुमत होता, म्हणून दाराखिडक्यांना रजया लटकवल्या. पंखा बंद, कूलर बंद, भिंतीवरचं घड्याळ शेजारच्या खोलीत. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी रजया लावून बंद खोलीत बसणं म्हणजे काय, हे नागपूरकराला समजावून सांगायला नको. भाऊंची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दर अर्ध्या तासानं पन्हं आणून देत आणि आमच्याकडे दयेनं बघत.

फाटणं थांबलं, पण गाणं काही येईना. मी हार्मोनियम नेली आणि सूर धरून दिला, तर भाऊ त्या सुराकडे साहेबानं बोलावल्यासारखे दबकत जात आणि वाटेतच घाम पुसत बसत. यंत्रावरचा लाल दिवा लागला की ते चोरून तिकडेच बघत राहत. दुसऱ्या रविवारी त्यांनी वहिनींच्या पाकिटातली मोठी टिकली काढून त्या दिव्यावर चिकटवली. तेवढं झाल्यावर त्यांचं चोरून तिकडे बघणं थांबलं. भिंतीकडे तोंड करून गाऊन पाहिलं. उभं राहून, बसून, डोळे मिटून पाहिलं. दर वेळी ओवी मध्येच कुठेतरी डुगडुगायची आणि दर वेळी तेच बोट वर.

तिसऱ्या रविवारी माझा धीर सुटला आणि मी एक मूर्खपणा केला. म्हटलं, भाऊ, शब्द तुम्ही सांगा, मी म्हणतो. आणि म्हटलीही. चांगल्या दोन हरकती घेऊन, शेवटी एक छोटीशी तानही टाकली. मला वाटलं, नवराबायको भारावून जातील. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

"बम चांगलं म्हणता, मास्तर," भाऊ अगदी मनापासून म्हणाले. "पण माह्या मायले येवढा वेळ नव्हता. तिले दळण उरकून कामावर जा लागे."

मी हार्मोनियमचा भाता बंद केला. आयुष्यात माझ्या गाण्यावर याहून खरी टीका कोणी केलेली नाही.

वहिनी पन्ह्याचे पेले न्यायला आल्या आणि जाता जाता नवऱ्याला म्हणाल्या, "रिकाम्या हातानं कोणी ओवी म्हणते का जी? घाबराल नाही तर काय कराल."

गिरणीत भाऊंचे हात धाग्यावर असत. त्यांच्या आईचे जात्याच्या खुंट्यावर. आणि मी मात्र तीन रविवार त्या माणसाचे हात मांडीवर ठेवायला लावून, खोलीतला एकूण एक आवाज बंद करून, त्याला त्या शांततेपुढे एकटा उभा करत होतो. याची मला आजही लाज वाटते.

जातं खाटेखालीच होतं. पिठाची चक्की आल्यापासून ते तिथंच पडलेलं. भाऊंनी ते ओढून काढलं. मी यंत्राच्या काळजीनं म्हणालो, घरघर टेपमध्ये येईल. येऊ द्या, म्हणाले. मग जात्याखाली रजईची घडी घातली, टेपरेकॉर्डर भाऊंच्या तोंडाशी येईल असा दोन डब्यांवर चढवला आणि कॅसेट पहिल्यापासून सुरू केली. वहिनींनी ज्वारी घेतली, समोर बसल्या, दोघांनी खुंट्याला हात घातला.

पहिली ओवी आली ती इतकी साधी आली, की मी मान हलवायची विसरलो.

"चालता चालता बाई, पायाले आले फोड,
गाठोडं लेकीच्या डोई, तिचं बोलणं गोड."

जात्याचा फेरा संपेल तिथं त्यांचा श्वास येत होता. वाकून दळत असल्यामुळे आवाज आपोआप खाली उतरला होता. गोड म्हणता येणार नाही असाच आवाज, पण डुगडुगणं गेलं होतं. जिथं सूर थोडा हलला तिथं जात्याच्या घरघरीनं त्याला सांभाळून घेतलं. तीन परीक्षा दिलेल्या माझ्या कानांना त्यात काढायला एक खोट सापडेना, आणि खरं तर मी शोधतही नव्हतो.

ओवी संपली. भाऊंनी पंजा कानामागे नेला आणि बोट वर केलं. म्हणे दुसऱ्या ओळीत एक शब्द मागेपुढे झाला.

पुढचे तीन रविवार असेच गेले. पुरुषमाणूस दळायला बसला, ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. बाया दारात येऊन हसून जात. एकीनं विचारलं, काहून जी भाऊ, चक्की बंद पडली का? भाऊंनी ऐकू न आल्याचं सोंग घेतलं. त्यांच्या तळहाताला फोड आले तेव्हा त्यांनी चिंधी बांधली आणि पुन्हा खुंटा धरला. मधूनच मौद्याहून निरोप यायचा, की बहिणीचं खाणं कमी झालं, ती आता उठत नाही. त्या दिवशी ते जरा घाईनं दळत, आणि घाईत शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या दोन्ही घरांत त्या महिन्यात ज्वारीच्या भाकरीशिवाय दुसरं काही शिजलं नाही.

अकरावी ओवी झाली तेव्हा त्यांनी बोट वर केलं नाही. ज्याला मी कोणाला हात लावू देत नव्हतो तो टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून मीच त्यांच्या पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी ते गिरणीत खाडा करून मौद्याला गेले. परत आले तेव्हा मी विचारलं, काय म्हणाल्या?

"काई नाही. आयकत राहिली," ते म्हणाले आणि टेपरेकॉर्डर माझ्या हातात दिला. दिव्यावरची टिकली तशीच होती. मी ती काढली नाही.

डॉक्टरांचा अंदाज चुकला. बहीण त्या पावसाळ्यात उठून बसली, दिवाळीला अंगणात फिरू लागली. आणि चार वर्षांनी भाऊच गेले. खोकला होता, त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही, आणि दिलं तेव्हा उशीर झाला होता. वहिनी सांगत होत्या, की दवाखान्यात ते औषध देणाऱ्या नर्सबाईला जात्याच्या ओव्या म्हणून दाखवत. आता त्यांना कोणाचीच लाज वाटत नव्हती.

भाऊ गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मौद्याहून बहीण आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. बारीक, वाकलेली, पण डोळे अगदी भावाचे. वंदना झाली, माणसं जेवून पांगली, तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं आणि कमरेच्या पिशवीतून रुमालात बांधलेली कॅसेट काढली. मौद्याला तिच्या घरी मागाहून घेतलेलं यंत्र बिघडलं होतं. मी समोर जाऊन माझा टेपरेकॉर्डर आणला आणि तिच्यासमोर चटईवर ठेवला.

घरघर सुरू झाली, मग भाऊंचा आवाज आला. वहिनी भिंतीला टेकून रडत होत्या. बहीण रडली नाही. तिनं डोळे मिटले, उजवी मूठ अर्धी वळली आणि चटईवर तिचा हात गोल फिरायला लागला. समोर कोणी बसलं आहे आणि खुंट्याची एक बाजू आपण धरली आहे, असा. आईसमोर ती बसत असे ती तिची जागा होती. गाठोड्याची ओवी आली तेव्हा हात जरा हळू झाला आणि पुन्हा फेऱ्याला लागला.

अकराव्या ओवीनंतर टेप संपली आणि बटण खट्कन वर आलं. तिचा हात थांबला नाही.

"काहून थांबवलं, मास्तर?" ती डोळे न उघडता म्हणाली. "दळण राहिलं आहे अजून."

मी टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली.