पातळ का जाड

आमी दोघा नवराबायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर रबराचा सदरा घ्यायला गेलो. देवाला न्हाई, दवाखान्यात न्हाई. धरणाच्या काठाला रिसॉर्ट हाय, त्याच्या मागच्या शेडमध्ये, रविवारी भर दुपारी.

मी धरणात मासे धरतो. होडी न्हाई माझ्याकडं. ट्रकच्या चाकाची ट्यूब फुगवायची, तिच्यावर फळी बांधायची, फळीवर बसायचं आणि हातानं पाणी मारत जायचं. सांजच्याला जाळं लावायचं, पहाटं काढायचं. पाय पाण्यातच असतात, आणि जाळं ओढताना छाती भिजते. चाळीस वर्षं असंच केलं. गेल्या थंडीत छातीत कफ झाला, आठ दिवस दवाखान्यात पडून होतो. तवापासून पोरगं म्हणतंय, आबा, जाळी विका आणि महाळुंग्याला चला. तिथं त्याची जागा हाय, आठव्या मजल्यावर. मी तिथं करू काय? लिफ्टमधून खालीवर?

यावर बायकोनं उपाय काढला. रिसॉर्टात पुण्याची एक पोरगी हाय, पाहुण्यांना पाण्यात फळीवर उभं राहायला शिकवते. सुट्टी मिळाली की ताम्हिणी घाटातनं खाली कोकणात उतरते आणि समुद्राच्या लाटांवर फळी चालवते. तिनं बायकोला सांगितलं की लाटेवर जाणारी माणसं असला सदरा घालतात, छाती गार पडत न्हाई. वापरलेले दोन हायेत, एक घेऊन जा. झालं. बाई हट्टाला पेटली. सदरा बसला तर मी पाण्यात, न्हाई तर आठव्या मजल्यावर, असं तिनंच ठरवून टाकलं.

पोरगी त्या रबराला निओप्रीन म्हणायची. एक सदरा पातळ, अंगाला घट्ट. दुसरा जाड, गोधडीसारखा, आणि मला एक माप मोठा. किंमत दोन्हीची सारखी. पोरीनं समजावलं की हितलं पाणी थंडीत पण लई गार नसतं, पातळच पुरतो, जाड हा बर्फाच्या देशातल्या पाण्याचा. आणि सदरा अंगाला चिकटलाच पाहिजे. सैल असला की आत पाणी खेळतं, मग ऊब राहत न्हाई.

मला काय पटलं न्हाई. मी जन्मात मापाचा कपडा घेतला न्हाई. धुतल्यावर आटतो म्हणून लग्नातला सदरा पण मोठाच घेतला होता. आमच्यात सगळे असंच घेतात. आणि त्याच पैशात दुप्पट माल मिळत असताना पातळ घेणारा येडाच.

बायकोनं मला जाड सदरा चढवायला लावला आणि सोड्याच्या बाटल्यांचं खोकं उलटं करून पुढं सारलं. ट्यूबवर बसल्यागत बसा म्हणाली. बसलो. आता जाळं ओढा म्हणाली. चार पाहुणे मोबाईल घेऊन बघत उभे. मी रिकाम्या हातानं हवेतलं जाळं ओढतोय.

"ह्यात हात खांद्याच्या वर जात न्हाईत तुमचं," ती म्हणाली. "पातळ घ्या."

"तू कवा ट्यूबवर बसलीस गं?"

"बसले न्हाई. पर चाळीस वर्सं काठावर बसून तुमचं हातच बघितल्यात."

पाहुणे हसले. ती पोरगी पण हसली. माझ्या डोक्यात सणक गेली आणि मी जाडच घेतला. सांजच्याला जाळं लावून आलो, तिनं भाकरी वाढली, मुकाट्यानं खाल्ली. उद्या घालून बघा मग मला सांगा, एवढंच म्हणाली. मी तोंड फिरवलं.

पहाटं ती उठली, चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. मी अंथरुणातनं बघत होतो. वाटलं डुलकी लागली. एरवी हाक मारली असती. रागात होतो म्हणून मारली न्हाई. पातेलं करपल्याचा वास आला तवा उठलो. हलवून बघितलं तर गेलेली.

डॉक्टर म्हणाला, हाक मारली असती तरी काही झालं नसतं. त्याचं काय जातंय म्हणायला.

दुपारच्या आत सगळं उरकलं. मग भावकी अंगणात बसली आणि तोंडं सुटली. कुणी म्हणालं, पाण्याच्या कामानं बाई झिजली. कुणी पोराला बाजूला घेऊन विचारलं, आता काठाची जागा विकणार का? चिता विझली पण नव्हती. पोरगं म्हणालं, दहावा झाला की आबांना घेऊन जातो. मला कुणी विचारलं न्हाई, जसं मी पण तिच्याबरोबरच गेलो.

मी म्हटलं, जाळं पाण्यात हाय. चुलतभाऊ म्हणाला, सुतकात पाण्यात जातोस व्हय, सडू दे ते जाळं. त्याच्या बापाचं असतं तर सडू दिलं असतं का?

राग तिचा पण आला. मला सांगा म्हणाली, आणि ऐकायला थांबली न्हाई.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उठलो. माणसं अंगणात झोपली होती. जाड सदरा घातला आणि ट्यूब पाण्यात लोटली. मधोमध जाऊन जाळ्याला वाकलो आणि सदऱ्याच्या सैल गळ्यातनं पाणी आत शिरलं. पोटाशी पाण्यानं भरलेली पखाल बांधल्यागत झालं. हात वर जाईनात. जाळं दोनदा सुटलं. तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, सदऱ्याला, स्वतःला. शेवटी ट्यूबवरच तो ओरबाडून काढला आणि उघड्या अंगानं जाळं ओढलं. मासे फुगले होते. सगळे पाण्यात सोडून दिले.

काठावर पोरगं उभं. आबा, लोक बघतायत, म्हणालं. बघू दे म्हटलं, आणि तसाच निथळत रिसॉर्टात गेलो. पोरगी फळ्या धूत होती. सदरा तिच्यापुढं टाकला. तिनं विचारलं, आजी न्हाई आल्या?

"काल गेली. पातळ दे."

ती पाईप हातात धरून रडायला लागली. मी म्हटलं रडू नको, हा धुवायचा कसा ते सांग. साध्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा, म्हणाली.

घरी आलो. पातळ सदरा पडवीत ठेवला, जाळं अंगणात भावकीच्या मधोमध पसरलं आणि फाटलेलं शिवायला बसलो. कुणी काही बोलायच्या आत पोराला म्हटलं, दहावा झाला की तू जा. मी हितंच हाय.