पचमढीचं चाकाचं घर आणि पिपरीत राहिलेला आकडा

गाडीमागे ट्रेलर जोडून देशभर हिंडायचं स्वप्न पाहणारी बरीच तरुण मंडळी हल्ली या ब्लॉगवर येतात आणि विचारतात, "आजी, रस्ता कसा ठरवायचा?" बाळांनो, तुमच्या फोनमध्ये एक बाई बसलेली आहे. ती म्हणते डावीकडे, की तुम्ही डावीकडे. आमच्या घरी पन्नासच्या दशकात रस्ता सांगणारी तीन माणसं होती, तिन्ही पुरुष, आणि मुळात घराबाहेर पडून कोणत्या बाजूला वळायचं हे ठरवायला त्यांना तीन आठवडे लागले. वर्ध्याहून पचमढीला जायचं होतं, एक चाकांचं घर आणायला. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशची राजधानी, म्हणजे सगळा प्रवास एकाच राज्यातला. तरी परराष्ट्राशी तह करायचा असावा इतक्या बैठका झाल्या.

आधी घराची गरज का पडली ते सांगते. आमचे हे शेतकी खात्यात होते. कपाशीचं सुधारलेलं बियाणं गावोगाव दाखवायचं, पिकावर रोग पडला तर जाऊन पाहायचं. महिन्यातले वीस दिवस दौरा, मुक्काम तंबूत. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात आम्ही एकत्र साजरी केलेली दिवाळी एकच. घरात मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. मामंजी वाईट नव्हते, पण दिवसभरात त्यांचं बोलणं म्हणजे चहा, पंचा आणि पोस्टमन आला का. मला त्या घरात फार एकटं वाटायचं.

अशात यांना कळलं की पचमढीला एक इंग्रज विधवा बाई आपला ट्रेलर विकून विलायतेला निघाली आहे. तिचा नवरा जंगल खात्यात होता, दौऱ्यावर मोटारीमागे हे घर ओढत न्यायचा. "दोघांना आरामात राहता येतं म्हणे. तू येशील?" यांनी मला विचारलं. हो म्हणायला मला जेवढा वेळ लागला तेवढाच यांना रस्ता ठरवायला लागला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. मॅडम शनिवारी सकाळी बंगला सोडणार होती. तोवर आम्ही नेलं तर घर आमचं, नाहीतर इटारसीच्या एका ठेकेदाराचं. त्याला त्यात चहाचं दुकान थाटायचं होतं. माझा संसार की त्याचा चहा, असा साधा सामना होता.

यांचं मत नागपूर, सावनेर, छिंदवाडा, तामियाचा घाट आणि पचमढी. कारण काय, तर नकाशावर ती रेघ सरळ दिसते. यांनी लाल-निळी पेन्सिल घेऊन मैल मोजले, पुन्हा मोजले, आणि दर वेळी वेगळा आकडा आला की पेन्सिलीला टोक काढलं. मामंजींचं मत आर्वी, तळेगाव, आष्टी, वरुड, मुलताई, बैतूल, इटारसी. कारण तळेगावला त्यांची धाकटी बहीण राहत होती आणि एका इंग्रज साहेबासोबत ते त्या रस्त्याने एकदा गेले होते.

"त्या रस्त्याले घाट सोपे हायेत," मामंजी म्हणाले.

"बाबा, त्याला तीस वर्षं झाली."

"मग घाट का वाढतेत काय रे?"

तिसरा होता गणपत, बोरगाव मेघ्याचा, आमच्या जीपचा ड्रायव्हर. लढाईत फौजेचा ट्रक चालवून आलेला. खरं तर मागे वजन लावून गाडी हाकलेला तो एकटाच, म्हणून रिवाजाप्रमाणे त्याला सगळ्यात शेवटी विचारलं. तो म्हणाला, "साहेब, जातानी कोनताबी रस्ता चालते. येतानी मांगं घर राह्यते, त्याचं पाहा ना." यावर दोघांनीही 'तुला काय कळतं' अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं आणि बापलेकांचं तेवढ्यापुरतं एकमत झालं.

शेवटी घासाघीस होऊन बुधवारी निघायचं ठरलं. पण बुधवारी उत्तरेला दिशाशूळ. मामंजींनी पंचांग मिटून सांगितलं, सोमवारी प्रस्थान ठेवू. तरुण वाचकांसाठी: निघायचा दिवस वाईट असला तर चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू वाटेवरच्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं ग्रहांना वाटतं. मग आपण वाईट दिवशी निघून जाता जाता ती वस्तू उचलायची. ग्रह इतके भोळे असतात हे मला सासरी आल्यावरच कळलं.

"जे नसलं तं सारा प्रवास फुकट जाईन, तेच ठेवा लागते," मामंजींनी नियम सांगितला. आमच्याकडे तशी वस्तू एकच होती, जोडणीचा लोखंडी आकडा. मॅडमचा मूळ आकडा तिच्या मोटारीबरोबर विकला गेला होता. तिने पत्रातून माप पाठवलं, त्यावरून वर्ध्याच्या लोहाराने जाडजूड आकडा बनवला आणि गणपतने तो जीपला चारदा लावून पाहिला. त्या आकड्याला हळदकुंकू लागलं, पिवळ्या फडक्यात तो बांधला गेला, आणि सोमवारी मामंजी तो पिपरी मेघ्याला, आर्वी रस्त्यावर राहणाऱ्या आपल्या मास्तर मित्राच्या देवघरात ठेवून आले.

बुधवारी सकाळी हातावर दही घेऊन आम्ही निघालो. मामंजी फाटकापाशी उभे होते. "आर्वीवरूनच जाजो," त्यांनी बजावलं. "हो बाबा," हे म्हणाले. चौकात आल्यावर यांनी मागे वळून पाहिलं, मामंजी दिसत नाहीत याची खात्री केली आणि गणपतला म्हणाले, "नागपूरकडे घे." आर्वीला जिनिंगसमोर कापसाच्या बैलगाड्या अडकल्यात, असं कारणही यांनी दिलं, पण चेहरा शाळा बुडवलेल्या पोराचा होता. वडिलांचं ऐकलं नाही याचा आनंद त्यांना तिसाव्या वर्षी मिळत होता. मलाही हसू फुटलं. गणपतही हसला. त्या हसण्यात पिपरीचं कुणालाच आठवलं नाही.

ज्यांना या रस्त्याने जायचं असेल त्यांच्यासाठी त्या वेळची माहिती देते, तुमच्या काहीही उपयोगाची नाही. पेट्रोल नागपूरला भरा, कारण नंतर थेट छिंदवाड्यालाच मिळतं. पाण्याचा डबा सोबत ठेवा, जीपला माणसापेक्षा जास्त तहान लागते. सावनेरला भजी चांगली, चहा कशाचा होता ते विचारू नका. बाकी भाकरी, ठेचा आणि गुळाच्या पोळ्या मी घरून नेल्या होत्या. छिंदवाड्याच्या विश्रामगृहात एक खाट यांच्या हुद्द्याला मिळाली आणि एक मी कुरकुर केल्यामुळे. दुसऱ्या दिवशी तामियाचा घाट. रस्ता इतका अरुंद आणि उतार असे, की नकाशावरची सरळ रेघ कुणी काढली असेल त्याला तिथे पायी चालवावं असं मला वाटलं. प्रत्येक वळणावर, इथून घर कसं नेणार, असं पाहून गणपत मान हलवायचा.

पण पचमढीला पोचलो आणि ते घर पाहिलं तेव्हा माझी थट्टा बंद पडली. हिरवा रंग उडालेला, छपराला कॅनव्हास, आत समोरासमोर दोन बिछाने, मध्ये भिंतीला मिटणारं टेबल, स्टोव्हला फळी, खिडकीला पडदेसुद्धा. मॅडम काठी टेकत आली. तिने बिछान्यावरची धूळ हाताने झटकली आणि मला म्हणाली, "हम और साहब, बाईस जाड़े इसमें निकाला." मी त्या बिछान्यावर बसले आणि मनात म्हटलं, हे मला हवं. इतकं काही मी त्याआधी मागितलंच नव्हतं.

गणपत जीप मागे घेत आणत होता. ती थांबली. तो उतरला, मागे गेला आणि वाकून पाहू लागला.

"साहेब," तो म्हणाला, "आकडा पिपरीले राह्यला."

ठेकेदाराचा माणूस ट्रेलरच्या दांड्यावर बसून विडी ओढत होता. तो उठला, आमच्याकडे पाहून हसला आणि पुन्हा बसला. दोर बांधून नेऊ, असं यांनी सुचवलं. गणपत म्हणाला, "उतारावर हे घर आपल्या डोक्शावर येऊन बसन." पचमढीचा लोहार बैलांचे नाल ठोकायचा, त्याच्याकडून एवढं जाड लोखंड वाकणार नव्हतं. शुक्रवार दुपार झाली. मॅडमचं सामान बांधून तयार होतं. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाऊ दे. पुन्हा केव्हातरी दुसरं मिळेल."

मी चिडले. मनापासून चिडले. "केव्हातरी नाही," मी म्हटलं. "चार वर्षं मी केव्हातरीच ऐकतेय. तुम्ही आकडा घेऊन या. मी इथेच, ह्याच्यात राहते. आत माणूस असताना घर कोण उचलून नेतं ते बघू."

"एकटी?"

"वर्ध्याला तरी दुसरं काय करते?"

मॅडमने खानसाम्याला हाक मारली. तो आणि त्याची बायको मागच्या खोलीत राहत होते. माझ्या जेवणाचं तिने त्यांना सांगितलं आणि ट्रेलरची किल्ली यांच्या हातात न देता माझ्या हातात दिली. शनिवारी ती गेली. ठेकेदाराचा माणूस तासभर समोर घुटमळला. मी खिडकीत पोहे निवडत बसले होते. मग तोही गेला.

पूर्वानुभवाने मी हिशेब केला होता, यांना निदान मंगळवार उजाडेल. परतीचा रस्ता ठरवायलाच दोन दिवस. रविवारी दुपारी चारला जीपचा आवाज आला. हे उतरले ते डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेले. मी विचारलं, "कोणत्या रस्त्याने आलात?"

"लक्ष नाही दिलं," हे म्हणाले. मी हसले आणि लगेच मला रडू आलं.

पिवळं फडकं सोडलं. आत आकडा लख्ख घासलेला, तेल लावलेला. यांनी सांगितलं ते असं: बुधवारी पिपरीचे मास्तर दुपारपर्यंत रस्त्यावर वाट पाहत होते. मग गाठोडं घेऊन घरी आले, तेव्हा मामंजींना सगळं कळलं. शनिवारी हे पोचले तेव्हा मामंजी ओट्यावर आकडा घेऊन बसले होते. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "सूनबाई कुठं हाय?" आणि तिथे एकटी थांबली आहे हे ऐकल्यावर यांना पाणीसुद्धा न पिऊ देता त्यांनी परत पाठवलं.

येताना रस्ता गणपतने ठरवला. इटारसी, बैतूल, मुलताई, वरुड. म्हणजे मामंजींचाच, आणि घाट तीस वर्षांत खरंच वाढलेले नव्हते. तळेगावला आत्याबाईंनी भरीत-भाकरी वाढली आणि बाजाराला आलेलं निम्मं गाव घर बघायला लोटलं.

"काऊन वं, चुलीचा धूर कुठून जाते?" आत्याबाईंनी आत डोकावून विचारलं.

"चूल नाही आत्याबाई, स्टोव्ह आहे."

"अन् पाव्हने आले तं?"

"पाव्हने बसायला जागा नाही."

"मंग बरं हाय हे घर," त्या म्हणाल्या आणि फळीवर एक लोणच्याची बरणी ठेवून गेल्या. आर्वीला कापसाच्या गाड्या अडकलेल्या होत्याच, त्यात आम्ही तीन तास काढले. निदान यांचं तेवढं कारण खरं निघालं.

घरी पोचलो. मामंजी ट्रेलरभोवती एक फेरी मारून आत गेले आणि रस्त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. जिंकलेला माणूस इतका गप्प मी पाहिला नव्हता.

आता हिशेब, काय उरलं याचा. तो ट्रेलर आम्ही सात हिवाळे ओढला. पाऊस गळायचा, टायर फुटायचे, स्टोव्ह भडकायचा, आणि मी त्या दिवसांइतकी सुखी पुढे फारशी कधी झाले नाही. कुणी विचारलं तर सांगते, जा, कोणत्याही रस्त्याने जा. पण पचमढीपेक्षा मला पहिल्या दौऱ्याची सकाळ जास्त आठवते. शेजारच्या बाईंकडे मामंजींच्या डब्याचं सांगून झालं होतं, भांडी भरली होती, हे आणि गणपत पुढे बसले होते. मी फाटकातून बाहेर पडले तेव्हा मामंजी माझ्यामागून आले. मुलगा चार वर्षं दौऱ्यावर जात होता, पण त्याला काही विचारायला ते कधी फाटकाशी आले नव्हते. फाटकाशी येऊन विचारणारी त्या घरात मीच होते.

"किती दिवस?" मामंजींनी विचारलं.

"वीस," मी म्हटलं. मी हेच विचारलं की उत्तर देताना हे नेहमी जीपच्या चाकाकडे का बघायचे, ते मला तेव्हा कळलं.