मिसकॉलवरची भाजी

फोन वाजला तरी ती उचलायची नाही. मान थोडी कलती करून डोळे मिटायची आणि नुसतं ऐकायची. कमरेच्या पिशवीतून सूर यायचा, दोन-तीनदा घुमायचा आणि बंद पडायचा. तोवर तिचा हात पाटीत गेलेला असायचा. "पुदिनावाली उठली," एवढं स्वतःशी म्हणायची आणि पुदिन्याची जुडी, लिंबं, वर मूठभर मिरच्या असं पिशवीत भरून बाजूला ठेवायची. थोड्या वेळानं त्या घरातलं कुणीतरी दूध घ्यायला खाली यायचं, पिशवी उचलायचं आणि जायचं. ना भाव, ना घासाघीस.

हे मी बावधनला एका सोसायटीच्या गेटवर रोज बघत होतो. तुमच्या गेटबाहेरही अशी कुणी बसत असेल. तुम्ही तिची भाजी घेतली असेल, तिच्याकडं नीट बघितलं असेलच असं नाही. मी बघितलं, कारण मला तेच काम होतं. लोक मला वॉचमन म्हणत. मी स्वतःला गेटवरचा माणूस म्हणत असे. माण गावात माझी जमीन होती. ती कंपन्यांत गेली, बैलजोडी विकली. घरात खोल्या भाड्यानं दिल्या, त्यांत चष्मेवाली पोरं येऊन राहिली आणि मलाच बसायला जागा उरली नाही. म्हणून इथं आलो. शिक्षण चौथी. तिसरी दोनदा केली, त्यामुळं ती पक्की आहे.

ती उरवड्याची. सकाळी पिरंगुटवरून सहा आसनी रिक्षात पाटी घालून यायची, आमच्या गेटसमोर करंजाच्या झाडाखाली गोणपाट पसरायची. सगळे तिला आक्का म्हणत. ती मला आबा म्हणायची, पण त्यात मान किती आणि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सुरुवातीला तिच्याकडं फोन नव्हता, आरोळी होती. "मेथीऽऽ शेपूऽऽ आंबट चुकाऽऽ" अशी सुरू झाली की चौथ्या मजल्यावरची कबुतरं उडायची. पण आमच्या सोसायटीत कंपन्यांची माणसं लई. अकोल्याची, नांदेडची, सोलापूरची. त्यातली निम्मी रात्रभर परदेशातल्या लोकांशी बोलून पहाटे येणार आणि दिवसा झोपणार. त्यांनी चेअरमनकडं तक्रार केली. मीटिंग झाली. फेरीवाल्यांनी आत यायचं नाही आणि बाहेर ओरडायचं नाही, असं ठरलं. आणि सांगायला पाठवलं मला.

"आक्का, आरोळी बंद करायला सांगितलीया."

"मग काय मुक्यानं इकू?"

"ते मला ठावं न्हाई. लोकं झोपत्यात."

"दिसाढवळ्या?"

"व्हय. रातची ड्यूटी असती त्यांची."

ती वर खिडक्यांकडं बघून म्हणाली, "मग ह्यांच्या बायका भाजी तरी कवा करत्यात?" आणि पाटी उचलून गेली.

काही दिवस आलीच नाही. आली तेव्हा कमरेच्या पिशवीत फोन होता. तिचा मुलगा उरवड्यातल्याच एका कारखान्यात होता, त्यानं नवा घेतला आणि जुना आईला दिला. तिला अक्षर येत नव्हतं, आकडाही येत नव्हता. मी हसलो. म्हटलं, "आता ह्यात बघून कळणार का कुणाचा फोन हाय ते?"

"बघून कशाला कळाय पायजे? कान हायेत की."

चौकात एक मोबाइलवाला होता, परभणीकडचा, बोलका माणूस. त्याच्याकडून तिनं एकेका गिऱ्हाइकाच्या नंबराला वेगळा सूर लावून घेतला होता. पहाटे उठणाऱ्या आजींना आरतीचा. पुदिनावालीला पावा. नुकतंच बाळ झालेल्या घराला तान्ह्या पोराचं हसू. फोनात सूर कमी पडले तेव्हा शेजारशेजारच्या दोन घरांना मिळून एकच कोंबडा दिला. कोंबडा आरवला की दोन्ही घरांचं काढून ठेवायची. एखादं उरलं तर म्हणायची, "जाऊ द्या, शेजारधर्म हाय." आणि आरोळी बंद करायला लावणाऱ्या चेअरमनला तिनं पोलिसांच्या गाडीचा भोंगा लावला होता. तो वाजला की आधी मनसोक्त हसायची, मग त्यांची कारली काढायची. चांगली निवडून काढायची मात्र.

एक मिसकॉल म्हणजे नेहमीचं. लागोपाठ दोन म्हणजे घरी पाहुणे, दुप्पट काढा. फोन उचलायचा नाही, म्हणजे कुणालाच पैसा पडायचा नाही. कुणी शिकवलं नव्हतं हे. बायकांनी आणि तिनं आपसांत ठरवलं होतं.

मी एकदा विचारलं, "एवढं सूर लावत बसण्यापरीस फोन उचलून कोण म्हणून इचारावं. सोपं हाय की."

तिचा चेहराच बदलला. म्हणाली, "आबा, दारात आलेल्या पावण्याला कोण म्हणून इचारलं तर तो पाणी पील का? गिऱ्हाइकाचं तसंच असतंय. कोण हाय आन् काय पायजे, ते आपल्याला म्हायती पायजे. ज्या दिशी मी गिऱ्हाइकाला कोण म्हणून इचारीन, त्या दिशी पाटी उरवड्यालाच ठेवीन."

हे ती गमतीत म्हणत नव्हती. मी हट्टी माणूस आहे, त्यामुळं दुसऱ्याचा हट्ट मला लांबून ओळखू येतो.

मी स्वतः मोबाइल घेणार नव्हतो. मला हाक मारता येते, असं मी घरी सांगितलं होतं. पण मुलानं आणलाच. आक्कानं लगेच माझा नंबर मोबाइलवाल्याकरवी आपल्या फोनात घालून घेतला. माझा सूर कोणता, ते सांगेना. "गिऱ्हाइकाला त्याचा सूर सांगत न्हाईत," म्हणाली. म्हणून एकदा ती माझ्यासमोर बसली असताना मी खिशातल्या खिशात बटण दाबलं.

तिच्या कमरेला घुंगरं वाजली. बैलांच्या गळ्यातली घुंगुरमाळ. चालत्या बैलाची, संथ.

"शेजाऱ्याच्या बैलाची हाय," ती पाटीकडं बघत म्हणाली. "बेंदराच्या सणाला भरून घेतली फोनात. तुमी सारकं आपल्या जोडीचं सांगत असता."

मी गाडी आलेली नसताना उठून गेट उघडलं आणि परत लावलं.

अशी बरीच वर्षं चांगली गेली. मग एका सकाळी भाजीवर पाणी शिंपडताना ती वाकली आणि कमरेच्या पिशवीतला फोन बादलीत पडला. तिनं तो काढून पदरानं पुसला, उन्हात ठेवला, वांग्यांच्या मध्ये उबेला ठेवला. काही उपयोग झाला नाही. परभणीवाला तोवर दुकान मोडून गावी गेला होता. मुलानं दुसरा फोन आणून त्यात कार्ड घातलं. सगळे नंबर होते, नावं होती, पण सूर एकही नव्हता, आणि ते लावणं मुलाला जमेना. आता कुणाचाही फोन आला तरी एकच किरकिर वाजायची.

तो आठवडा मला आठवतो. फोन वाजला की ती डोळे मिटायची, मान कलती करायची, आणि काहीच कळत नसे. हात पाटीच्या काठावरच राहायचा. शेवटी तिनं एक तोडगा काढला. फोन उचलायचा आणि कानाला लावून गप्प बसायचं. समोरची बाई काहीतरी बोलेलच, आवाजावरून ओळखू. पण बायकांना सवय मिसकॉलची. उचलला की त्या दचकायच्या. "आक्का, उचललात का हो? पैसे गेले ना!" म्हणून चटकन ठेवून द्यायच्या. तेवढ्यात आवाज ओळखला तर ओळखला. एकदा आजींची मेथी बाळाच्या घरी गेली आणि शेपूचं तोंड न बघणाऱ्या घरात शेपू गेला. तिथल्या सूनबाई पिशवी परत घेऊन खाली आल्या. म्हणाल्या, "आक्का, उद्यापासून राहू द्या. मी दुकानातून मागवते."

ते दुकान चांदणी चौकाच्या वाटेवर नवीन झालं होतं. थंडगार, काचेचं. तिथं फोन केला की समोरचा माणूस नाव घेऊनच बोलायचा, "नमस्कार मॅडम, नेहमीचंच पाठवू का?" त्याच्यापुढच्या कॉम्प्युटरवर नंबराबरोबर नाव उमटत असे म्हणे. त्यांचा माणूस लाल टोपी घालून मोटारसायकलवर भाजी आणायचा आणि माझ्या वहीत सही करून आत जायचा. त्याला आत जायची परवानगी होती. आक्काला नव्हती.

मला वाटलं, ती दुकानाला शिव्या घालेल. ती म्हणाली, "बघा आबा, त्यांनाबी ठावं हाय. कोण म्हणून इचारत न्हाईत. चांगली शिकलेली माणसं हायेत." मग बराच वेळ देठ खुडत बसली. "पर मी न्हाई इचारणार. आयतवारपत्तुर बघते. मग बास."

"बास म्हंजी?"

"म्हंजी बास. सुनंला मिशीन घ्यायचंय शिवायचं. मी नातवंडं बघीन."

तुम्ही म्हणाल, भाजीवालीच ती, एक 'कोण' विचारायला काय जात होतं? मीही दोन दिवस हेच म्हणत होतो. पण माझी जमीन गेली तेव्हा मोजणीवाल्यानं मलाच माझ्या बांधावर उभं करून विचारलं होतं, "तुम्ही कोण?" तेव्हा माझं काय झालं होतं, ते मला ठाऊक होतं.

रविवारी सकाळी मी गेटला कडी घातली. पायी येणाऱ्या प्रत्येकाला थांबवलं.

"आधी आक्काला मिसकॉल द्या, मग बाहेर जा."

"अहो आबा, मला उशीर होतोय."

"आयतवारी कसला उशीर? हिच्या हातची भाजी खाऊन कंपनीत जाता न्हवं? द्या मिसकॉल."

पुदिनावाली कॉम्प्युटरच्या कंपनीतच होती. ती गोणपाटावर मांडी घालून बसली आणि आक्काचा फोन हातात घेतला. एकेकजण यायचा, बटण दाबायचा. आक्का त्याच्याकडं बघायची, मग सांगायची, "ह्यास्नी आरती. ह्यास्नी कोंबडा. ह्यांचं पोर आता शाळंत जातंय, हसू काढा, शाळंची घंटा लावा." पोरगी सूर शोधून लावून द्यायची. आक्काला कुणालाही कोण म्हणून विचारावं लागलं नाही, कारण सगळे समोर उभे होते. लोक आपापला सूर ऐकून हसायला लागले. इतक्या वर्षांत कुणाला माहीतच नव्हतं की आपल्याला सूर आहे.

कडी बघून चेअरमन आले. मला वाटलं, आज नोकरी गेली. त्यांनी चौकशी केली, थोडा वेळ उभे राहिले आणि त्यांनीही मिसकॉल दिला.

"माझा कोणता होता, आक्का?"

"सनई, साहेब," ती डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली. "मंगल आसती."

पुदिनावालीनं खरोखरची सनई लावून दिली. तेव्हापासून त्यांचा फोन आला की आक्काला हसता येईना. ते तिला फार जड गेलं.

सगळे काही परत आले नाहीत. शेपूवाल्या सूनबाई दुकानातूनच घेत राहिल्या, आणखी काही घरंही तिकडं गेली. पण पाटी उरवड्याला राहिली नाही.

गर्दी पांगल्यावर मी म्हटलं, "आन् माझा?"

"तुमची घुंगरं जुन्या फोनासंगं गेली. आन् आता गल्लीत बैल ऱ्हायला न्हाई कुणाचा. टॅक्टर हायेत." फोन पिशवीत ठेवत म्हणाली, "तुमाला तशीच किरकिर ऱ्हाऊ द्या. ज्याला सूर न्हाई ते आबा. चुकायचं न्हाई."

मला राग यायला हवा होता. आला नाही.

पुढं तिचे गुडघे गेले. रिक्षात चढताना दुसऱ्यानं पाटी द्यावी लागे. ती एक दिवस येईना, दोन दिवस येईना, मग येईनाशीच झाली. सकाळी मी तिला मिसकॉल द्यायचो. थोड्या वेळानं तिकडून एक यायचा. म्हणजे ठीक आहे. आमचं एवढंच बोलणं होतं आणि ते पुरत होतं. मग एका पावसाळ्याच्या शेवटी तिकडून येणं थांबलं. मुलाचा निरोप आला. मी उरवड्याला दहाव्याला जाऊन आलो.

करंजाखाली आता कुणी बसत नाही. परवा पुदिनावाली ऑफिसला जाताना थांबली आणि त्या जागेकडं बघून म्हणाली, "आबा, आज घरात पुदिना नाही हो." ती गेली. माझा हात खिशात गेला. मुद्दाम केलं नाही. अंगठ्याला तिच्या नंबराच्या बटणाची जागा पाठ होती.

पलीकडं फोन वाजला. मी ठेवणार, तेवढ्यात कुणीतरी उचलला. तिची सून असावी. मागं शिवणयंत्राची घरघर चालू होती.

"कोण?" तिनं विचारलं.

त्या नंबरावरून हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

"काय न्हाई, पोरी," मी म्हटलं. "मिसकॉल हुता. उचलायचा नसतो."