रिकामी चौकट

सरांनी माझी मिठाची पुरचुंडी सोडली, मीठ ॲशट्रेत ओतलं आणि त्यात सिगरेट विझवली. टेबलाभोवतीचे सगळे हसले. मग सर म्हणाले, "ती ॲशट्रे धुऊन आण."

मी धुऊन आणली. ते मला आजही सलतं.

ऐंशीचं दशक सरत आलेलं. खोपटला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ट्रेसर होते. म्हणजे सरांच्या पेन्सिलीच्या रेघा पारदर्शक कागदावर शाईने गिरवायच्या. खाडीकाठी चित्रांचं नवं संग्रहालय व्हायचं होतं. एसी नाही, वीज अगदी कमी. खाडीचा वारा जमिनीखालच्या बोगद्यातून आत घ्यायचा, तिथे तो गार होणार, दालनांतून फिरून छताच्या झरोक्यांतून वर जाणार. बोगद्याला लागून तळघरात चित्रांचं कोठार. कल्पना सुंदर होती, खोटं कशाला बोलू. गिरवताना माझाही जीव रमायचा.

पण जागा मिठागराची, मातीची भरणी टाकून बुजवलेली. माझ्या बाबांनी तिथेच उभी हयात मीठ ओढलेलं. कोपरीच्या घरी मी त्यांना बोगदा कागदावर काढून दाखवला. ते म्हणाले, "बाय, वरशी माती टाकली म्हनून खालचं पानी जात नाय. उधानाला येतंय बघ ते."

मिठाची रास कुठे रचायची हे ठरवायची त्यांची एक रीत होती. मूठभर मीठ फडक्यात बांधून जागेवर टांगायचं. दुसऱ्या दिवशी फडकं ओलं निघालं तर ती जागा सोडायची. बाबांनी दोन पुरचुंड्या टांगल्या. एक बोगद्यासाठी खणून पाहिलेल्या खड्ड्यात, दुसरी रस्त्याच्या बाजूला, उंचावर. मार्च महिना, आभाळ कोरडं. रस्त्याकडची तशीच राहिली. खड्ड्यातली ठिबकत होती.

दोन्ही घेऊन मी मीटिंगमध्ये गेले. म्हटलं, "सर, वारा रस्त्याच्या बाजूने घेऊ. कोठार वर नेऊ. नाहीतर चित्रं सडतील."

"हवा आपण गणिताने मोजतो," सर म्हणाले. "मिठागरवाल्यांकडून शिकायची वेळ अजून आलेली नाही."

पुढचं सांगितलंच. त्या मिठापायी बाबांच्या तळव्यांची सालं निघाली होती. आणि मी नळाखाली ॲशट्रे धरून उभी. नोकरीची भीती, दुसरं काय.

मग ड्रॉइंग बोर्डाशी बसून तोच बोगदा गिरवला. तीच लेव्हल, म्हणजे बोगद्याच्या तळाची तीच खोली, सुबक अक्षरात. कागदाच्या कोपऱ्यात एक चौकट असते, ड्रॉइंग कोणी काढलं, कोणी तपासलं. माझी चौकट कायम रिकामी. सर सांगायचे, "आडनाव वाचून क्लायंट प्रश्न विचारतात. राहू दे."

इमारत झाली. फोटो छापून आले. बाबा गेले. तिसऱ्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी बोगद्यात शिरलं, तिथून कोठारात. महिन्याभरात चित्रांवर बुरशी चढली. त्यांत खाडीची, मिठागरांची चित्रं होती. बाबांचं खरं झालं, पण ऐकायला ते नव्हते. मला आनंद झाला नाही. किळस आली, सरांची आणि माझीही.

चौकशी लागली तशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच बसायला सांगितलं. टेबलावर तोच जुना ट्रेसिंग कागद.

"ह्या चौकटीत तुझं नाव घाल. तारीख जुनीच टाक. लेव्हल उतरवताना चूक झाली, एवढंच. तुला कोण विचारतंय? नोकरी राहील तुझी."

स्वतःचं पेन पुढे केलं त्यांनी. इतकी वर्षं ज्या नावाची लाज वाटली, ते आज हवं होतं. पाप ठेवायला.

मी पेन घेतलं नाही. म्हटलं, "ही चौकट तुम्ही रिकामी ठेवायला सांगितलेली. ती रिकामीच राहील."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. सर सुटले. चूक कोणाचीच ठरली नाही. चित्रं टाकून दिली, संग्रहालयाला कुलूप लागलं. चौकशीत माझं बोलणं कोणी लिहून घेतलं नाही.

आता डोंबिवलीत खोली घेऊन कंत्राटदारांचे नकाशे काढते. कागद लावला की आधी चौकटीत नाव लिहिते, आडनावासकट. मग पहिली रेघ. लेव्हल पटली नाही तर तसं नावाखाली लिहिते. कोणी नाव खोड म्हणालं तर कागद गुंडाळून परत देते. बहुतेक वेळा परतच द्यावा लागतो.

तरी देणार.